गोल ज्याचा त्याचा, गल्ला सगळ्यांचा



18 मे 1992. लंडनच्या एका हॉटेलात इंग्लंडच्या 22 फुटबॉल क्लबांची माणसं मतदानाला जमली होती. प्रीमियर लीग ऑगस्टमध्ये सुरू व्हायची होती आणि सामने दाखवण्याचे हक्क कोणाला विकायचे, ते ठरायचं होतं. आर्सेनल, लिव्हरपूल हे दादा क्लब आयटीव्ही वाहिनीच्या बाजूचे. तेवढ्यात टॉटनहॅमचे अध्यक्ष ॲलन शुगर यांनी फोन गाठला आणि स्काय या उपग्रह वाहिनीला बोली घसघशीत वाढवायला सांगितलं. स्कायच्या डिश शुगर यांचीच ॲमस्ट्रॅड कंपनी बनवत होती, हा योगायोग म्हणायचा तर म्हणावा! मतं पडली स्कायच्या बाजूने 14, विरोधात 6. पाच वर्षांचे 30 कोटी 40 लाख पौंड, असा आकडा जाहीर झाला. 1988 मध्ये आयटीव्हीने चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाख मोजले होते.

हे वैभव कुठल्या मातीतून उगवलं? 1985 मध्ये ब्रॅडफर्डचा लाकडी स्टँड पेटून 56 जण गेले. 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीने 97 बळी घेतले. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची द्यायला सांगितलं. खुर्च्यांना पैसा हवा होता.

पण खरी करामत वाटणीत आहे. देशातल्या प्रक्षेपणाच्या पैशातला अर्धा भाग सगळ्यांना सारखा, पाव भाग गुणतक्त्यातल्या क्रमांकानुसार, उरलेला पाव भाग सामने किती वेळा दाखवले त्यावर; आणि परदेशातून येणारी रक्कम 2019 पर्यंत सरळ समसमान. 2016-17 मध्ये विजेत्या चेल्सीला लीगकडून सुमारे 15 कोटी पौंड मिळाले, तर तळाला जाऊन घसरलेल्या संडरलँडला 9 कोटी 35 लाखांच्या आसपास. स्पेनमध्ये 2015 पर्यंत ज्याने त्याने आपले हक्क वेगळे विकले. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना मलई खात राहिले. शेवटी सरकारला हुकूम काढावा लागला.

धाकट्यांच्या हाती पैसा आला की सामन्याचा निकाल आधी सांगता येत नाही, आणि टीव्हीवर विकलं जातं ते हेच. दादांना मात्र वाटणी खुपतेच. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या 12 श्रीमंत क्लबांनी स्वतःच्या लीगची वेगळी चूल मांडायचं जाहीर केलं, त्यात इंग्लंडचे सहा. प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही जण परतले.

आपल्याकडे 2014 साली इंडियन सुपर लीग थाटात आली. पुण्याचा एफसी पुणे सिटी पाच हंगामांत संपला आणि जागा हैदराबादकडे गेली. कोल्हापुरात मात्र शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडले की लोक तिकीट काढून गर्दी करतात. तिथे पेठ आधी आली, संघ मागून.

इंग्लंडची वाटणीही प्रीमियर लीगच्या कुंपणाच्या आतलीच. मँचेस्टरशेजारच्या बरीचा क्लब त्या कुंपणाबाहेरचा; 1885 सालचा, दोनदा एफए कप जिंकलेला. 2018 मध्ये तो एका पौंडाला विकला गेला, कर्जासकट. 27 ऑगस्ट 2019 रोजी नवा मालक येणार, शनिवारी सामना होणार, या आशेवर शेकडो लोक झाडू आणि फडकी घेऊन गिग लेन मैदानावर गेले आणि त्यांनी खुर्च्या पुसून काढल्या. त्याच दिवशी खरेदीदार मागे फिरला. रात्री उशिरा बरीला खालच्या लीगमधूनही काढून टाकल्याची बातमी आली.