गायतोंडे यांचं चित्र: मोबाइलवर आणि समोर

आज केदारखेड्यासारख्या गावात बसूनही वासुदेव गायतोंडे यांचं चित्र मोबाइलवर बघता येतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने माणसं, झाडं, घरं वगळून निव्वळ रंगाची चित्रं केली. रोलर आणि पॅलेट नाइफने ते तैलरंग पसरायचे, खरवडायचे, पुन्हा थर द्यायचे. त्यामुळे वरच्या रंगातून खालचा रंग झिरपतो. मोबाइलवर मात्र थर सपाट होतात, भलामोठा कॅनव्हास तळहाताएवढा उरतो. शिवाय ही चित्रं उलगडायला वेळ घेतात. स्क्रीनवर सरकणारं आपलं बोट तेवढा वेळ थांबत नाही. ओळख मोबाइलवर जरूर करून घ्या. पण मुंबईला गेलात, तर काळाघोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात काय मांडलंय, याची चौकशी कराच.