टाकी हलवली, झाकण राहिलं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी पटांगणात माझ्या हिरव्या पिकअपभोवती तुमची गर्दी झाली होती. दोघातिघांनी केबिनवरचं पेट्रोलचं झाकण उघडून आत डोकावलंही. आत काहीच नाही. त्याचीच गोष्ट सांगतो.

गाडी १९५२ची शेव्हरोले. त्या काळी जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९२८ला सुरू झालेला, १९५४ला बंद पडला. वडिलांनी गाडी जुनीच घेतली आणि आपल्या तांबट आळीतली पातेली, घंगाळं त्यातून गावोगाव पोचवली.

या गाडीची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. म्हणजे पेट्रोलला टेकूनच बसायचं! दोन वर्षांपूर्वी नात पुढे बसली आणि वासानं तिला उलटी झाली. पाहतो तर टाकीचा जोड झिरपत होता.

एक कारागीर म्हणाला, "रिकामी करा, लगेच वेल्डिंग मारतो." तेव्हा आपले विज्ञानाचे सर आठवले. पेट पेट्रोलपेक्षा त्याची वाफ घेते. रिकामी टाकी भरलेलीहून धोक्याची. मी हात जोडून परत आलो. आळीतल्या एकानं तांब्याची टाकी सुचवली. पण तांब्याच्या सहवासात पेट्रोल लवकर बिघडतं, डिंकासारखा चिकटा धरतं. शेवटी पत्र्याची नवी टाकी करून मागे, हौद्याखाली बसवायचं ठरलं.

वडील अठ्ठ्याऐंशीचे. म्हणाले, "टाकी हलव, पण गाडीचं रूप बदलू नकोस." विंटेज नोंदणीचा नियमही तेच सांगतो: गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणून चासी कापली नाही. तिच्या जुन्याच भोकांत पट्ट्या कसून टाकी टांगली, सायलेन्सरच्या नळीपासून लांब.

पेट्रोल भरायचं तोंड हौद्याच्या एका फळीखाली लपवलं. फळीला बिजागरी लावली. लपवलं तरी कोंडलं नाही. सांडलेलं पेट्रोल खाली जायला वाट ठेवली. वाफ बाहेर पडायला आणि टाकीत हवा यायला वेगळी नळी दिली. हवा आली नाही तर पेट्रोल ओढलं जात नाही. तोंड आणि टाकी यांच्यामध्ये रबरी नळी येते, म्हणून तोंडापासून चासीपर्यंत अर्थिंगची तार जोडली. ठिणगीला जागाच नको.

केबिनवरचं जुनं झाकण मात्र तसंच ठेवलं.

पहिल्यांदा पंपावर गेलो, तर वडील सवयीनं त्या झाकणाकडेच निघाले. पंपावरचा मुलगाही त्यांच्या मागे. मी फळी उचलली. वडिलांनी वाकून पाहिलं, नंतर केबिनमध्ये बसून दोनदा खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आता पोरीला बसव पुढे."

आज ती पुढे बसूनच आली आहे. कार्यक्रम संपल्यावर तिला सांगा, फळी तीच उघडून दाखवेल. फक्त जवळ कुणी काडी ओढू नका!