हाडांतील वेदना आणि संप्रेरकांचा उपचार

भिलाईतील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्यानंतरच्या दशकांत येथे नोकरीस लागलेले तरुण आता वार्धक्यात आहेत. अशा एखाद्या निवृत्त गृहस्थाची कंबर दुखू लागली, की घरची मंडळी वयाकडे बोट दाखवितात आणि तेल चोळले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु रात्री अंथरुणावर अधिक छळणारे, दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे असू शकते. हा रोग पसरला म्हणजे बहुधा हाडांत, विशेषतः मणक्यांत व कटीच्या हाडांत, ठाण मांडतो.

ह्या वेदनेचे मूळ कोठे तोडावे, हे शिकागो येथील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. पुरुषाच्या वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोन या संप्रेरकावर ही अर्बुदे पोसली जातात. हगिन्स व त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी रुग्णांचे वृषण काढले, किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिले. तेव्हा पुष्कळांच्या हाडांतील वेदना ओसरल्या. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. भिलाईकरांना वेगळा दाखला नको: कोक घालणे थांबविले की भट्टी मंदावते, ती नाहीशी होत नाही.

पुढे पोष ग्रंथीमार्फत वृषणांचे कार्य थांबविणारी इंजेक्शने निघाली. त्यांतील काहींनी प्रारंभी टेस्टोस्टेरोन उलट वाढते व वेदनाही भडकते. म्हणून पहिले काही आठवडे प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागतात. ही इंजेक्शने ठरावीक महिन्यांनी, बहुधा आयुष्यभर घ्यावयाची असतात. शस्त्रक्रिया मात्र लहान व एकदाचीच असून तिचा परिणाम काही तासांत सुरू होतो. खर्चाचा विचार करता निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास तीच परवडते.

आणि नेमकी तीच नाकारली जाते. वृषण काढावयाचे म्हणताच घरात शब्द फुटत नाही. मुले डॉक्टरांशी दाराबाहेर बोलतात, पत्नीस अर्धेच सांगितले जाते, आणि ज्याचे शरीर त्याला कोणी विचारीत नाही. ही लाज समजण्यासारखी आहे. तिची थट्टा करू नये. परंतु कामेच्छा मंदावणे, अंगातून गरम लाटा येणे, हाडे विरळ होणे हे इंजेक्शनानेही घडते, एवढे तरी रुग्णास ठाऊक हवे. मग त्याने काय निवडावे, तो त्याचा अधिकार.

हा आराम कायमचा नसतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी अर्बुद अल्प संप्रेरकावरही वाढू लागते. अबिराटेरोनसारखी औषधे जोडल्यास हा काळ लांबविता येतो. दुखऱ्या हाडास किरणोपचाराची एकच मात्राही पुष्कळदा पुरते, आणि मॉर्फिन तर आहेच. मात्र पाठदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले, किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. रुग्णास त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.