फोन करणारे आम्हीच होतो
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही काही व्याख्याते नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि सरकारी खात्यात वीस वर्षं रस्त्यांची मापं घेणं, एवढीच आमची पुंजी. सचिवांनी 'मोबाइल आणि पायी चालणारे' या विषयावर बोला म्हटलं, म्हणून उभे आहोत.

माणूस फोनच्या नादात रस्ता कसा ओलांडतो, हे खऱ्या रस्त्यावर तपासायचं तर एखाद्याचा जीव जायचा. म्हणून अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी आभासी रस्ता उभारला. पडद्यांवर धावणाऱ्या गाड्या, त्यांचे आवाज, सगळं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कॉलेजची 138 मुलं होती. काही फोनवर बोलत, काही मेसेज करत, काही गाणी ऐकत, काही नुसतीच. मेसेज करणारे आणि गाणी ऐकणारे मोकळ्या मुलांपेक्षा जास्त वेळा गाडीखाली आले. गाडी खोटी, म्हणून घरी चालत गेले!

पुढे आयोवा विद्यापीठात अशाच आभासी रस्त्यावर मेसेज करणाऱ्यांच्या फोनवरच इशारा द्यायची युक्ती करून पाहिली. रस्ता ओलांडणं सुधारलं, पण रस्त्याकडे बघणं आणखी कमी झालं. फोन बघतोय ना, मग आपण कशाला!

आपलं गणित साधं आहे. सात मीटर रस्ता ओलांडायला सहा सेकंद लागतात. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात जवळपास 67 मीटर पुढे येते. 2022 साली देशात 32,825 पादचारी अपघातात गेले. सगळा दोष मोबाइलचा नाही. झेब्रा पुसलेला, फुटपाथवर ठेले. त्यात आमच्या पेशाचाही वाटा आहे, हे कबूल करतो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या गणपतीत आमच्या एका सहकाऱ्याला बोर्ड ऑफिस चौराह्यावर स्कूटीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. फोन कानाला होता. "अरे, मोदक किती सांगितलेस?" असं विचारणारे आम्हीच होतो. तो आवाज आम्ही ऐकला. नंतर नुसतीच लोकांची ओरड.

तेव्हापासून फोन लागला की आधी विचारतो, "रस्त्यावर आहेस का?" हो म्हटलं की ठेवून देतो. लोक चिडतात, चिडू द्या.

तो आज तिसऱ्या रांगेत काठी घेऊन बसलाय. हे सांगायची परवानगी त्यानंच दिली. आणि मोदकांचं उत्तर त्यानं दवाखान्यात दिलं: एकवीस.

गणपती बाप्पा मोरया!