बिंदुमतीची होडी



भोपाळच्या चार इमलीत बसून समुद्राबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. इथून सर्वांत जवळचा समुद्र गाठायलासुद्धा आगगाडीत रात्र काढावी लागते. आपल्याजवळ आहे तो बडा तालाब आणि या वस्तीला नाव देणाऱ्या चिंचा. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं, नागपूर-ग्वाल्हेर-इंदूरहून कितीतरी मराठी कुटुंबं ट्रंका घेऊन इथं उतरली. चिंचेखाली रात्री झोपू नये, तिच्यावर भूत असतं, हे सांगणाऱ्या आज्याही त्यांच्याबरोबर आल्या. तेव्हा समुद्र नसला तरी जादूची शिदोरी आपण बरोबर आणली होती.

आजचा विषय मला माझ्या नातीनं दिला. ती पंधरा वर्षांची आहे. गेले वर्षभर ती एकाच जातीची पुस्तकं वाचते आहे. चाच्यांची जहाजं, शापित राजपुत्र, गाण्यानं खलाशांना खेचून नेणाऱ्या जलकन्या आणि या सगळ्यात गुंतलेलं प्रेम. ट्रिशिया लेव्हन्सेलरची ‘डॉटर ऑफ द पायरेट किंग’, अलेक्झांड्रा क्रिस्टोची ‘टू किल अ किंगडम’ ही त्यांतली दोन. पहिली २०१७ची, दुसरी २०१८ची. तिच्या आईला काळजी वाटते, की हे वय अभ्यासाचं आणि पोरगी दर्यावर्दी लुटारूंच्या प्रेमकथा वाचत बसली आहे. मला मात्र ती पुस्तकं मागून घ्यावीशी वाटली, आणि मी ती वाचली. काही चांगली निघाली. काहींत समुद्र नुसता पडद्यावर रंगवल्यासारखा होता. वारा कुठून येतो, शीड कधी उतरवतात, गोडं पाणी संपलं तर काय करतात, याचा पत्ताच नव्हता. मग जहाज काय आणि दिवाणखाना काय, सारखंच. पण एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. सुकाणू मुलीच्या हातात होतं.

एका रात्री जेवणानंतर मी तिला आपली एक गोष्ट सांगितली. ‘कथासरित्सागरा’तली, शक्तिदेवाची. ती तुम्हालाही सांगते.

वर्धमान नावाच्या नगरात कनकरेखा ही राजकन्या. तिची अट अशी, की ज्यानं कनकपुरी पाहिली असेल त्याच्याशीच ती लग्न करील. शक्तिदेव हा जुगारात सगळं घालवून बसलेला ब्राह्मणपुत्र. गमावण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून तो खोटंच सांगतो, की मी पाहिली आहे. राजकन्या दोन प्रश्न विचारते आणि खोटं पकडते. तो अपमान जिव्हारी लागतो आणि तो खरोखरच कनकपुरी शोधायला निघतो. विटंकपूर बंदरातून एका व्यापाऱ्याच्या जहाजावर चढतो. वादळात जहाज फुटतं, महामत्स्य त्याला गिळतो. उत्स्थल बेटावर त्या माशाचं पोट फाडलं जातं आणि हा आतून जिवंत निघतो. त्या बेटावरच्या कोळ्यांचा नाईक सत्यव्रत त्याला आपल्या होडीत घेतो. समुद्राच्या मध्यावर एक वटवृक्ष, त्याच्या खाली सगळं ओढून घेणारा भोवरा. सत्यव्रत म्हणतो, मी होडी त्या झाडाखालून नेतो, तू फांदी पकड. शक्तिदेव फांदी पकडतो; होडी आणि सत्यव्रत भोवऱ्यात जातात. रात्री त्या झाडावर प्रचंड पक्षी उतरतात. सकाळी त्यांतल्या एकाच्या पाठीवर लपून तो कनकपुरीला पोचतो. तिथं विद्याधरी चंद्रप्रभा त्याला सांगते, की सगळ्या महालात फीर, फक्त मधल्या गच्चीवर जाऊ नकोस. अर्थात तो जातो. तिथं मंचकावर कनकरेखेचा निष्प्राण देह पडलेला असतो.

इथं माझी नात उठून बसली होती.

ग्रीक कथेतला ओडिसियस अशाच भोवऱ्यावरच्या अंजिराच्या झाडाला लोंबकळतो, आणि सिंदबादलाही असाच पक्षी उचलून नेतो. या गोष्टी बंदराबंदरांतून फिरल्या आहेत. माझा मुद्दा दुसरा आहे. सोमदेवानं हे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलं, राणी सूर्यमतीसाठी. काश्मीरमध्ये कुठला समुद्र? आणि त्यानं ज्या बृहत्कथेवरून लिहिलं ती गुणाढ्याची. परंपरा सांगते, की गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी होता, प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला. पैठणला गोदावरी आहे, समुद्र नाही. पण त्या सातवाहनांचं लक्ष सोपाऱ्याच्या बंदराकडे होतं, आणि यज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. माल घाट चढून वर येत होता, त्याबरोबर गोष्टीही येत असणार.

आता आपल्या घराजवळ या. हा तलाव ज्याच्या नावानं ओळखला जातो तो राजा भोज धारचा, समुद्रापासून दूर माळव्यात राज्य करणारा. ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्यात नौकांचे प्रकार, त्यांची मापं, त्यांचे रंग, कुठली नाव शुभ नि कुठली अशुभ, सगळं दिलं आहे. आणि एक इशाराही आहे. समुद्रात जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडानं जोडू नयेत, कारण पाण्यातले लोहचुंबकाचे खडक ती खेचून घेतील. अरबी समुद्रातली जुनी जहाजं काथ्यानं शिवलेली असत, ही खरी कारागिरी. तिचं कारण म्हणून ग्रंथात चुंबकाचा खडक येतो. कारागिरी आणि चमत्कार एकाच वाक्यात बसले आहेत. चांगल्या अद्भुत कादंबरीला याहून जास्त काय लागतं? जादू हवी, पण तिनं नावेच्या फळीला हात लावला पाहिजे. तिचा नियम असला पाहिजे, तिची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे. चंद्रप्रभेच्या गच्चीला नियम आहे. मला न आवडलेल्या नव्या पुस्तकांत हेच नव्हतं.

युरोपातलाही एक दाखला देते. एमिलिओ साल्गारी हा इटालियन लेखक. मलाय समुद्रातला चाचा सांदोकान आणि लाबुआनची मारिआना यांची प्रेमकथा त्यानं लिहिली. ते पुस्तक १९०० साली आलं. इटलीतल्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. साल्गारी त्या समुद्रावर कधीच गेला नव्हता. ग्रंथालयातली प्रवासवर्णनं आणि नकाशे एवढंच त्याचं जहाज. त्याच्या कादंबऱ्यांत काममुरी नावाचा एक शूर, इमानी माणूस आहे. लेखक त्याला मराठा म्हणतो. इटलीतल्या मुलांना चाच्यांच्या कादंबरीत मराठा माणूस भेटला, आणि आपल्या मुलांना भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कारण आपल्याकडे ही वाट नव्हती असं नाही. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताला मोठी जागा होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबूडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. त्याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या, त्यांच्याबरोबर सिंदबादही आला. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरीनं घरातल्या विधवेचं, सासुरवाशिणीचं दुःख पाहिलं. ते पाहणं फार गरजेचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्यानंतर अद्भुताला आपण लहान मुलांच्या खोलीत नेऊन ठेवलं. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर वाचकांनी उड्या घातल्या, समीक्षकांनी मात्र तिच्याकडे मोठ्या मनानं पाहिलं नाही. इंदूरला जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फास्टर फेणे दिला. त्यांचं ऋण मोठं आहे. पण बारा वर्षांच्या वाचकासाठी भागवत आणि वीस वर्षांच्या वाचकासाठी गंभीर कादंबरी, यांच्या मधल्या वयाला आपण काय दिलं? त्या वयात मन पहिल्यांदा कुणावर तरी जडतं, आणि घर सोडून लांब जावंसं वाटतं. नेमकं तेव्हा आपलं पोर इंग्रजीच्या जहाजावर चढतं.

आणि तिथं चाचा कोण असतो? यावर थोडं थांबते.

कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग त्यांच्या ताब्यात. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजानं त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, नाहीतर ते जप्त होईल, असा त्यांचा कायदा. तोच कायदा पोर्तुगीजांनी कार्ताझ या नावानं दोन शतकं चालवला होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हाही त्यांचा समुद्र त्यांच्याच हातात होता. पण १७३७ साली क्लेमंट डाउनिंगनं लंडनमध्ये पुस्तक छापलं, त्याच्या नावातच ‘अँग्रिया द पायरेट’ आहे. दस्तक मागणारा आपला असला की आरमार, दुसऱ्याचा असला की चाचेगिरी. शब्द लिहिणाऱ्यानं ठरवला आणि तो टिकला.

१७१२ साली कान्होजींच्या गलबतांनी कारवारहून येणारी ईस्ट इंडिया कंपनीची नाव पकडली. तिच्यावर कॅथरीन कुक नावाची मुलगी होती. वय विशीच्या आतलं, आणि तेवढ्यातच तिचं दोनदा लग्न झालेलं. दुसरा नवरा त्या लढाईत मेला. ती कुलाब्याला कैदेत राहिली आणि तीस हजार रुपये भरून सुटली. जॉन बिडल्फनं १९०७ साली मलबारच्या चाच्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात तिची हकिगत आहे. जहाजाच्या फळीवरून दिसणारा कुलाबा त्या पुस्तकात आहे. कुलाब्याच्या तटावरून दिसणारं ते जहाज कुठेच नाही. तिला रोज जेवण नेऊन देणारी एखादी कोळीण असेल, तिच्याच वयाची. दोघींना एकमेकींची भाषा येत नसेल. ही कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही, असं मला नेहमी वाटत राहतं.

आणखी एक. १८३४ साली यॉर्कशरच्या एका पाद्र्याच्या घरात अठरा वर्षांची शार्लट ब्राँटे आणि तिचा सतरा वर्षांचा भाऊ ब्रॅनवेल यांनी एक काल्पनिक राज्य रचलं. तिथं लढाया, कारस्थानं, उत्कट प्रेम, सगळं. किशोरवयात लिहिलेलं अद्भुत साहित्यच ते. त्या राज्याचं नाव त्यांनी ठेवलं अँग्रिया. इंग्रजी पुस्तकांत आंग्र्यांचं नाव हेच छापलं जात होतं, अगदी याच अक्षरांत.

मुलगी आणि समुद्र ही जोडी परकी वाटत असेल तर भोपाळनं तरी तसं म्हणू नये. या शहरावर १८१९ ते १९२६ चार बेगमांनी राज्य केलं. त्यांतल्या सिकंदर बेगम १८६३च्या अखेरीस मोठा लवाजमा घेऊन निघाल्या, मुंबईहून जेद्दाला गेल्या, हज करून आल्या आणि त्या प्रवासाची हकिगत त्यांनी स्वतः लिहिली. इंग्रजीत ती १८७० साली छापून आली. तलावाकाठची राज्यकर्ती बाई समुद्र ओलांडून गेली आणि तिनं लिहून ठेवलं. आणखी काय दाखला हवा?

आता शक्तिदेवाकडे परत येते, कारण नातीचा एक प्रश्न सांगायचा राहिला आहे. सत्यव्रत भोवऱ्यात गेल्यावर पुढे काय होतं ते मी तिला सांगितलं. शक्तिदेव पुन्हा उत्स्थल बेटावर येतो तेव्हा सत्यव्रताची मुलं त्याला बापाचा मारेकरी समजून देवळात कोंडतात, सकाळी बळी देणार असतात. तिथं त्यांची बहीण बिंदुमती येते. माझ्याशी लग्न कर, मी तुला सोडवते, असं ती सांगते आणि सोडवते. शक्तिदेवाला शेवटी चार बायका मिळतात, त्यांतली ती एक. पुढे कळतं, की ती मूळची विद्याधरी, वीणेची तार दातानं तोडल्याच्या दोषामुळे कोळ्याच्या घरी जन्मलेली. नात म्हणाली, “आजी, कोळ्याच्या घरी जन्म ही शिक्षा कशी? आणि होडी चालवायला तर तिलाच येत असेल ना! मग तीच का नाही गेली कनकपुरीला?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सोमदेवाच्या गोष्टीतली ही खोट आहे आणि ती हजार वर्षं तशीच राहिली. कोळ्याचं घर त्यानं शिक्षा म्हणून वापरलं. भोवरा कुठं आहे, भरती कधी लागते, झाडाखालून नाव कशी काढायची, हे सगळं ज्ञान त्याच घरात होतं.

आपल्या भाषेत ते ज्ञान अजून जिवंत आहे. नाळ, वल्ही, डोलकाठी, परबाण, तांडेल, सारंग, उधाण, मतलई वारा, खारा वारा. रायगड-रत्नागिरीच्या बंदरांवर हे शब्द रोज उच्चारले जातात. इंग्रजी लेखकाला जे शब्द जुन्या कोशांतून उकरावे लागतात ते आपल्याकडे ससून डॉकवर पहाटे ऐकू येतात. कोकणातल्या शाळेत शिकलेली, बापाच्या नावेवर वाढलेली एखादी मुलगी ही कादंबरी माझ्यापेक्षा, तुमच्यापेक्षा चांगली लिहील. तिला ती लिहायला बोलवा.

इथं माझ्यासमोर निवृत्त अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, संपादनाचं काम करणारे एकदोघे आहेत. तुम्हा सगळ्यांना माझी विनंती आहे. घरातली मुलं चाच्यांच्या कादंबऱ्या वाचत असतील तर त्या हिसकावू नका. आधी स्वतः वाचा. मग त्यांना शक्तिदेवाची गोष्ट सांगा, कान्होजींचं दस्तक सांगा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर ते लिहून ठेवा. दिवाळी अंक काढणाऱ्यांनी पंधरा ते अठराच्या वाचकांसाठी निदान एक लांब कथा मागवावी, पानांची काटकसर न करता. माझ्या नातीनं एक वही केली आहे. निम्मी मराठी, निम्मी हिंदी. पहिल्या पानावर बिंदुमती पहाटेच्या अंधारात देवळाची कडी काढते, कैद्याला होडीत बसवते आणि सुकाणू स्वतःच्या हाती ठेवते.