बाळाचे दुखणे आणि आईची भाषा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मी संतवाङ्मयावर अथवा व्याकरणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. जन्मभर मी तेच केले. आज मात्र गुरुजींनी लिहिलेल्या एका चिठ्ठीविषयी बोलावे, असे मनाने घेतले आहे. ती चिठ्ठी पाच ओळींची आहे. ती साहित्य नव्हे. पण भाषेचे काम काय, हे मला तिच्यावरून जितके कळले, तितके कोणत्याही ग्रंथावरून कळले नाही.

गोष्ट १९६० च्या हिवाळ्यातली. मी दहा वर्षांचा होतो आणि माझा धाकटा भाऊ तीन महिन्यांचा. एके दिवशी सकाळी आई म्हणाली, ‘हा दूध ओढत नाही.’ दुपारी तिने तेच वाक्य पुन्हा उच्चारले. आजी म्हणाली, दृष्ट लागली असेल; मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘याचे पोट उडते आहे.’ तेव्हा घरात एकच शब्द उमटला: डबा. त्या शब्दाबरोबर त्याचा उपायही ठरलेला होता. विळा तापवून बाळाच्या पोटावर डाग दिला गेला. आजीचे त्या नातवावर किती प्रेम होते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट सांगणे कठीण जाते.

तिसऱ्या रात्री कोणीतरी गुरुजींना बोलावून आणले. आई दाराआड उभी होती. गुरुजींनी तिला एवढेच विचारले: हे कधीपासून? आधी काय झाले आणि मग काय? मग शाळेच्या वहीतले पान फाडून त्यांनी उर्दूत चिठ्ठी लिहिली. निजामी अमदानीत त्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले होते, आणि दवाखान्यात मराठी वाचणारा कोणी भेटेलच, याची त्यांना खात्री नव्हती. वडील त्याच रात्री बैलगाडी जुंपून निघाले.

ज्या दवाखान्यात ते पोचले तेथे चिठ्ठी कोणी उघडली नाही. बाळाच्या पोटावरचा डाग मात्र सर्वांना दिसला. वडिलांना बोल ऐकावे लागले. ते बोल खोटे नव्हते. पण त्या संतापात, हे मूल दोन दिवस दूध ओढत नाही, त्याचा श्वास वाढला आहे, ही बातमी कोणाच्या कानी गेली नाही. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. चिठ्ठी घडी न मोडता वडिलांच्या खिशातून परत आली. मला उर्दू येत नाही. पुढे प्राध्यापक झाल्यावर एका सहकाऱ्याकडून मी ती वाचून घेतली. ‘बाळाच्या आईचे म्हणणे’ असे म्हणून गुरुजींनी दूध, श्वास, बरगड्यांखाली पडणारा खड्डा आणि प्रत्येक लक्षणाची वेळ एवढेच लिहिले होते. दृष्टीचा उल्लेख नाही, डब्याचाही नाही.

मित्रहो, माझे म्हणणे त्या चिठ्ठीत आले आहे. बाळाचे लक्षण आईला दिसते. त्याचे कारण तिला ठाऊक असेलच असे नाही. घर तिच्या लक्षणाला भलते कारण चिकटवते. शिकलेला माणूस ते भलते कारण फेटाळतो, आणि त्याबरोबर लक्षणही फेकून देतो. गुरुजींनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या.

आपल्या मायबोलीतले शब्द पाहा. ‘टाळू बसली’ असे बायका म्हणतात. जुलाब-वांतीने अंगातले पाणी आटले की बाळाची टाळू खरोखरच खोल जाते. डॉक्टरही तीच बोटाने चाचपतात. चूक होते ती पुढे, टाळूवर तेल थापून ती वर येईल असे मानण्यात. ‘पोट उडते’ हे न्यूमोनियाचे बिनचूक वर्णन आहे: श्वास ओढताना बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत जातो आणि पोट हलताना दिसते. ‘मान टाकली’, ‘डोळे फिरवले’, ‘मलूल झाले’ हे शब्दही पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून आले आहेत. (आमच्या शब्दकोशांत त्यांना बहुधा अर्धी ओळ मिळते. कोशकार पुरुष होते, हेही एक कारण असावे.)

ही जाण जुनीही आहे. बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिच्यात ‘वेदनाध्याय’ नावाचा एक अध्याय आहे. न बोलणाऱ्या बाळाला कोठे दुखते हे कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. कान दुखत असेल तर ते हात कानाकडे नेते, डोके दुखत असेल तर मान घुसळते, अशी निरीक्षणे त्यात आहेत. बाळाजवळ रात्रंदिवस बसलेल्या कोणा बाईनेच ती ग्रंथकाराला सांगितली असावीत, असे मला राहून राहून वाटते. पुरावा नाही, हा माझा तर्क आहे.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्याकडे वळतो. पूर्वीचा अखंड आदिलाबाद जिल्हा आणि गडचिरोली यांच्यामध्ये प्राणहिता वाहते. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यात डॉक्टर पोचत नाही, बाळ मात्र डॉक्टरची वाट पाहू शकत नाही, हा त्यांच्यापुढचा पेच होता. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक झाला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, असा नियम आहे. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? त्यांनी एक साधन बनवले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर औषध सुरू करायचे. मला हे साधन फार मोलाचे वाटते, कारण त्यात दाईला अडाणी ठरवलेले नाही. तिच्या डोळ्यांना फक्त मोजमाप दिले आहे.

पुढे त्यांनी एकोणचाळीस गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच शिकवून तयार केलेली बाई घरोघर जाई. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले आहे का, त्याने दूध ओढणे कमी केले आहे का, हातपाय लुळे पडले आहेत का, अंग गार लागते का, हे ती आईला विचारी आणि स्वतः पाही. अशी लक्षणे एकत्र दिसली तर जंतुदोष झाला असे समजून ती उपचार करी. त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे बासष्टच्या आसपास असलेले नवजात मृत्यू प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी पंचवीसच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने १९९९ च्या डिसेंबरात हा अहवाल छापला. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्यामागे हाच अनुभव आहे. त्या आईला जे प्रश्न विचारत, ते पाहताना मला दाराआड उभी असलेली माझी आई आठवते. पहिल्या दिवशीच तिने पहिले उत्तर दिले होते. प्रश्न विचारणारा तेवढा तिसऱ्या रात्री आला.

आपल्या भागापुरते आणखी एका दुखण्याविषयी बोलले पाहिजे. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेले बाळ एकाएकी किंचाळून रडू लागते. हाताचे पंजे, पावले सुजतात. बोट लावू देत नाही. मार नाही, मुका मार नाही. मग मालिश करणाऱ्या बाईला बोल लागतो. असा बोल लागून ज्यांचे काम सुटले, अशा एका वृद्धेला मी ओळखत होतो. गोंड, कोलाम आणि इतरही समाजांत आढळणाऱ्या सिकल सेल या रक्ताच्या आजाराची ही पहिली खूण असू शकते. जन्मानंतर काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते; ते ओसरले की दुखणे वर येते. म्हणूनच आईबाप चक्रावतात: काल चांगले होते, आज काय झाले? आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. यात मालिशवालीचा दोष नाही आणि सुनेच्या पायगुणाचाही नाही. नागपूरकडच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या या दोषाविषयी लिहिले होते. देशाची सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली ती २०२३ च्या जुलैत. मधली पासष्ट वर्षे किती घरांत कोणाकोणाला बोल लागले असतील, ते ते घरच जाणे. आज रक्ताच्या थेंबावरून तपासणी होते. आजार लवकर कळला तर पेनिसिलिन, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया यांनी मुलाचे पुष्कळ हाल वाचतात.

पण तपासणीच्या टेबलापर्यंत बातमी पोचायला भाषा लागते. या मंडलात घरी गोंडी, कोलामी, मराठी, बंजारा बोलणारी आई दवाखान्यात तेलुगूसमोर उभी राहते. ‘ताप आहे’ एवढे सांगता येते. ‘सकाळपासून ओढ कमी झाली’ हे सांगता येत नाही. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी औषधाच्या दुकानात आहेत. हा अनुभव त्यांना माझ्यापेक्षा जास्त असेल.

म्हणून एक लहानशी विनंती करतो. निवृत्तीनंतर मी तान्ह्या बाळाच्या दुखण्याचे शब्द गोळा करीत आलो आहे. एका वहीत पाच रकाने आखले: मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा. आजारांची नावे मुद्दाम घेतली नाहीत. फक्त जे डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि हाताला लागते तेवढेच घेतले. मराठीचा रकाना भरला आहे, तेलुगूचा बराचसा. उरलेले तीन जवळजवळ कोरे आहेत, कारण त्या भाषा मला येत नाहीत आणि या शाळेतल्या मुलांच्या आयांना येतात. वही मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. तिच्या पहिल्या पानाला गुरुजींची ती चिठ्ठी लावली आहे.