सरकारच्या नावाचा सापळा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल हे विषय आजच्या बैठकीत आहेतच. त्याआधी थोडा वेळ मी एका चोरीबद्दल बोलणार आहे. ही चोरी गोठ्यात होत नाही, खळ्यावर होत नाही. ती दिवसाढवळ्या आपल्या हातातल्या मोबाईलवर होते, आणि दाराची कडी आपल्याच हाताने काढली जाते.

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. सापळ्यात मादी पतंग नसते. असतो तो कारखान्यात तयार केलेला तिचा गंध. नर पतंग त्या गंधावर येतो आणि अडकतो. तो मूर्ख असतो म्हणून येत नाही. ज्या गंधावर त्याचे सगळे जगणे चालते, त्याचीच नक्कल केलेली असते म्हणून येतो.

"आपला पीएम किसानचा हप्ता थांबला आहे. सोबतची फाईल उघडून आजच केवायसी करा." हा निरोप म्हणजे तसाच सापळा. शेतकरी त्यावर बोट ठेवतो, कारण केवायसी नसेल तर हप्ता खरोखरच थांबतो. २०१७ च्या कर्जमाफीला ऑनलाईन अर्ज भरावे लागले. २०१९ च्या कर्जमुक्तीला आधार प्रमाणीकरण लागले. मग पीएम किसानची ई-केवायसी आली, मग शेतकरी ओळख क्रमांक आला. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर नोंदणी करा, असे सांगण्यात आले. दर वेळी हुकूम एकच : अमुक तारखेच्या आत करा, नाहीतर हक्क गेला. चोराने नवीन काही शोधलेले नाही. त्याने सरकारची भाषा आणि सरकारची घाई उचलली.

म्हणून कोणी साहेब म्हणाला की शेतकरी अडाणी म्हणून फसतो, तर ते ऐकून घेऊ नका. शहरातले डॉक्टर आणि निवृत्त अधिकारीही या भामट्यांनी लुबाडले आहेत. आपला माणूस फसला तो हुकूम पाळायची सवय लावली गेली म्हणून. ज्याचे पैसे गेले त्याला चावडीवर हसू नका. हसण्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की चोराला वेळ मिळतो.

आता ही चोरी चालते कशी ते पाहू. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. हे पत्र नव्हे, यादीही नव्हे. हा मोबाईलमध्ये शिरणारा प्रोग्रॅम आहे. तो उघडला की तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतो. परवानगी दिली की बँकेने पाठवलेला ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. दुसरा प्रकार बनावट संकेतस्थळाचा. सौर पंपाच्या नावाने अशी संकेतस्थळे काढून नोंदणीचे पैसे उकळले जातात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने यावर अनेकदा इशारे दिले आहेत. तिसरा प्रकार फोनचा : "विम्याची रक्कम मंजूर झाली, जमा करायला पिन टाका." हे एक वाक्य घरी जाऊन सगळ्यांना सांगा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

खरे-खोटे ओळखायचे कसे? बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतो. तसाच इथेही पाहायचा. केंद्र आणि राज्य सरकारची संकेतस्थळे साधारणपणे 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतात. पीएम किसानचे खरे संकेतस्थळ 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' हे आहे. आपल्या नावात आडनाव शेवटी असते, तसे इथेही शेवट पाहायचा. 'गव्ह' हा शब्द मध्येच कुठे घुसवला असेल आणि पुढे शेवट निराळाच असेल, तर ते घराणे सरकारचे नाही. साध्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि इंग्रजी 'जी' अक्षर असेल तर तो सरकारी, अशी खूण ट्रायने २०२५ मध्ये लावली. व्हॉट्सॲपला ही खूण नाही. आणि शंका असली की निरोपातल्या लिंकवर जाऊच नका. कृषी सहायकाला विचारा, नाहीतर जवळच्या सेवा केंद्रात स्वतः जा. पीएम किसानची केवायसी तिथे अंगठा लावून होते. एक दिवस उशीर झाल्याने हप्ता बुडत नाही, पण एका बोटाने हंगामाचा कापूस जातो.

इतके करूनही पैसे गेले तर? पंचनाम्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी १९३० हा नंबर लावा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवले जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो, म्हणून इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. मग बँकेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोचेवर वेळ टाकून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली हे तत्त्व घालून दिले : गुपित आकडा ग्राहकाकडून गेला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. तो मेसेज, तो नंबर, ती फाईल यांचे फोटो काढून ठेवा. बोगस बियाण्याच्या तक्रारीला पिशवी, टॅग आणि पावती लागते, तसा हा पुरावा लागतो. पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" असे सांगतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एकट्याने जाऊ नका, गावातले चार जण बरोबर घ्या.

तरुण पोरांना एक सांगणे. महिन्याला काही हजार देतो, तुझे खाते वापरायला दे, असे म्हणणारे दलाल फिरतात. चोरीचा माल ठेवायला दिलेले घर आणि हे खाते, यांत फरक नाही. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

शेवटी सरकारला. शेतकऱ्याने सावध राहावे, एवढे सांगून सरकारची जबाबदारी संपत नाही. म्हणून या बैठकीने तीन मागण्यांचा ठराव करावा. एक, कोणत्याही योजनेच्या सरकारी मेसेजमध्ये लिंक नसावी. मग लिंक असलेला प्रत्येक निरोप खोटा, हे आंधळ्यालाही कळेल. दोन, केवायसी अडलेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि तारीख संपली म्हणून कोणाचा हक्क बुडू नये. तीन, बँकेच्या प्रत्येक शाखेत अशी तक्रार घ्यायला ठरलेला माणूस असावा आणि त्याने जागेवर पोच द्यावी.

ठराव मंजूर होईपर्यंत आपले काम आपणच करायचे. १९३० हा आकडा चुन्याने गावाच्या चावडीवर लिहा. तो आज संध्याकाळीच लिहा.